सुंदररावांचा स्टीलचा फिल्टर

बजरंगच्या गॅरेजसमोर पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरनं दोन्ही आरशांत बघितलं, पण पायरीखाली काही बघितलं नाही. तिथं जुन्या वर्तमानपत्रावर सुंदररावांच्या बुलेटचा ऑईल फिल्टर धुऊन वाळत ठेवला होता. चाक त्याच्यावरून गेलं आणि स्टीलच्या बारीक जाळीची ती नळकांडी भाकरीसारखी चपटी झाली.

बजरंगनं ती उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि सगळ्यात आधी शटर अर्धं खाली ओढलं.

सुंदरराव म्हणजे पाटोद्याजवळच्या एका गावाचे दोन वेळचे सरपंच. साठी उलटलेली, पण आवाज असा की त्यांनी घरून हाक मारली तर शिवारातला गडी 'ओ' द्यायचा. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना हा फिल्टर आणून दिला होता. नेहमीचा फिल्टर कागदाचा असतो. ऑईल बदललं की तो फेकायचा आणि नवा घालायचा. हा मात्र पेट्रोलमध्ये धुवायचा, हवा मारायची आणि परत बसवायचा. आज पहिल्यांदाच धुवायला आला होता. देताना सुंदरराव म्हणाले होते, "बजरंग, गाडीला वरखडा आला तरी चालंल. याला न्हाई."

गाडी न्यायला ते तासाभरात येणार होते. बजरंग बाजारपेठेत पळाला, मुक्ताबाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून बुलेटचा कागदी फिल्टर घेतला आणि बसवून टाकला. झाकण लावल्यावर आत काय आहे ते कुणाला दिसतंय? आठ दिवसांत तसाच स्टीलचा मागवू आणि गुपचूप बदलू, असं त्यानं ठरवलं.

त्या आठ दिवसांची चार वर्षं झाली.

पहिले काही महिने तो फिल्टर मिळालाच नाही, मग बजरंगनं शोधायचंच सोडलं. आणि तोवर सुंदररावांनी बोलायला सुरुवात केली. "कागदी फिल्टर म्हंजे पत्रावळ," ते लग्नाच्या पंगतीत बसून सांगायचे. "जेवला की फेकली. हे ताट हाय, ताट! घासा, पुना जेवा." बँकेच्या रांगेत हेच, चहाच्या हॉटेलात हेच. एकदा तर कुणाच्या दहाव्याला, कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असताना, त्यांनी शेजारच्याला फिल्टर कसा धुवायचा ते समजावून सांगितलं.

दर तीन-चार महिन्यांनी गाडी बजरंगकडं यायची.

"धुतला का रं नीट?"

"धुतला की, आबा."

सुंदरराव किक मारायचे, कान देऊन ऐकायचे आणि डोळे मिटायचे. "लोणी! लोणी हाय नुसतं!"

खोटं नव्हतं ते. बजरंग हाताचा चांगला होता आणि दर वेळी कोरा करकरीत कागदी फिल्टर आत जात होता. तो स्वतःच्या खिशातून घालायचा आणि धुण्याचा पैसा घ्यायचा नाही. सुंदररावांना वाटायचं, पोरगा किती माणुसकीचा आहे.

आता मुक्ताबाईंचं सांगायला पाहिजे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून ही बाई गल्ल्यावर बसायची आणि गिऱ्हाइकानं गाडीचं नाव घेतलं की न बघता मागच्या फळीवरून नेमकी वस्तू काढायची. सुंदररावांना बाजाराच्या दिवशी तिच्याच दुकानासमोर उभं राहायची सवय लागली होती. कुणी कागदी फिल्टर मागितला की ते पुढं व्हायचे. "कावून घेतो बे ही पत्रावळ?" झालं, गिऱ्हाईक गेलं.

एका बाजारी लागोपाठ तिसरं गिऱ्हाईक असं परत गेलं, तेव्हा मुक्ताबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"सरपंच, पत्रावळीचं एक बरं असतं. तिला कुणाचं उष्टं नसतं. ताट जर नीट घासलं न्हाई, तर मागच्याचं उष्टं फुडच्याच्या पोटात."

"माझं ताट बजरंग घासतो! आरशावानी!"

"मंग दाखवा की. फुडच्या बाजारी हितंच, दुकानाम्होरं इंजिन उघडा. तुमचा स्टीलचा फिल्टर पेट्रोलात बुडवल्यावर साफ निघाला तर मी पाटी लावते, 'सरपंच म्हणतात तेच खरं.' न्हाई निघाला तर दिवसभर माझ्या गल्ल्यावर उभं राहून कागदी फिल्टर इकायचे."

"कबूल!" सुंदररावांचा तो शब्द भाजीबाजारापर्यंत गेला. गॅरेजात बसलेल्या बजरंगलाही ऐकू आला, आणि तो कशाला होता ते पाच मिनिटांत कळलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो मुक्ताबाईंपुढं उभा होता. टँकरपासून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि फडक्यानं काच पुसत होत्या.

"काकू, तुमाला नवल न्हाई वाटलं?"

"कशाचं नवल? चार वर्सं झाली, तीन-चार महिन्याला तू येतो अन् बुलेटचा फिल्टर नेतो. तुज्याकडं बुलेट येती एकच. मी काय अडाणी हाय का?"

"मंग तुमी पैज कावून लावली?"

"लई दिवस झाले, दुकानात करमणूक नव्हती," मुक्ताबाई म्हणाल्या आणि काच पुसत राहिल्या.

बजरंग एसटीनं बीडला गेला. चार वर्षांपूर्वी न मिळालेला स्टीलचा फिल्टर आता पहिल्याच दुकानात मिळाला. दुकानदार म्हणाला, "पाटोद्याकडून मागणी वाढलीय. तिकडं कुणी तरी सरपंच हाय म्हणं." बजरंगनं पैसे मोजले आणि परतीची एसटी पकडली.

आता तो फक्त गाडीत घालायचा होता. तो सुंदररावांच्या घरी गेला. "आबा, बाजाराच्या आधी जरा सर्व्हिसिंग करून घेऊ. गाडी न्हेतो."

सुंदरराव चिडले. "आधीच साफ करून नेऊ? ती काय पैज झाली का? लबाडी झाली ती! आपल्याला न्हाई जमायचं." त्यांनी बुलेट गोठ्याशेजारच्या खोलीत उभी केली, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. बजरंगला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाच्या सचोटीचा एवढा राग आला.

एकच वाट उरली. पुढचे तीन दिवस तो गॅरेजच्या मागच्या बाजूला बसून सराव करत होता. डाव्या हातात फडकं, फडक्यात स्टीलचा फिल्टर जुन्या ऑईलमध्ये बुडवून ठेवलेला. उजव्या हातानं कागदी काढायचा, फडक्यात सरकवायचा आणि त्याच हालचालीत स्टीलचा बाहेर. तिसऱ्या दिवशी दहापैकी नऊ वेळा जमायला लागलं.

बाजाराच्या दिवशी मुक्ताबाईंच्या दुकानापुढं ही गर्दी. वांगी विकणाऱ्या बाया पाटी सोडून आल्या होत्या. सुंदररावांनी धुतलेला नेहरू शर्ट घातला होता. बजरंगनं बुलेटखाली घमेलं सरकवलं, ऑईल सोडलं आणि पाना लावला. झाकण सुटलं. त्यानं पाठ गर्दीकडं केली, फडकं पुढं आणलं, हात आत घातला आणि दहापैकी नऊ वेळा जमत होतं ते जमलं.

"हा बगा!"

काळं ऑईल गळणारा स्टीलचा फिल्टर त्यानं वर धरला. टाळ्या पडल्या. कुणी तरी शिट्टी मारली. बजरंगनं पेट्रोलच्या डब्यात तो बुडवून हलवला, तशी जाळी लखलखली. पुन्हा टाळ्या. मुक्ताबाई गल्ल्यावर हनुवटीला हात लावून बघत होत्या. त्यांनी फडक्याकडं बघितलं, बजरंगकडं बघितलं आणि हसू दाबलं.

सुंदररावांनी फिल्टर हातात घेतला. मान ताठ करून गर्दीवरून नजर फिरवली. मग फिल्टर उलटा केला. पुन्हा सुलटा केला. चष्मा काढून शर्टाला पुसला, घातला आणि पुन्हा उलटा केला.

"हा माझा न्हाई," ते म्हणाले.

"तुमचाच हाय, आबा!" बजरंगचा आवाज चिरकला.

"न्हाई. भांड्यावर नाव घालत्यात तसं मी माझ्या फिल्टरच्या बुडाला खिळ्यानं 'सुं' कोरलं होतं. याच्यावर न्हाई."

जिंकलेली पैज माणूस स्वतःच्या तोंडानं मोडतोय, हे गर्दीला कळायला थोडा वेळ लागला. बजरंगचा हात तेवढ्यात ढिला पडला, फडकं उलगडलं आणि काळाकुट्ट कागदी फिल्टर टपकन घमेल्यात पडला. ऑईलचे शिंतोडे सुंदररावांच्या शर्टावर उडाले.

वांगीवाली म्हणाली, "अगं बया, पत्रावळ निघाली!"

त्यानंतर जे हसू फुटलं त्यात बजरंगला सगळं ओरडून सांगावं लागलं. टँकर, शटर, आठ दिवस, चार वर्षं. तो सांगत गेला तसे लोक अजूनच हसत गेले. सुंदरराव मात्र हसत नव्हते.

"म्हंजे चार वर्सं माझी गाडी कागदावर पळती?"

"व्हय, आबा."

"अन् तू मला भिऊन बोलला न्हाई? चार वर्सं?"

बजरंगनं पान्याकडं बघितलं. "आधी भिऊनच. मंग... तुमी किक मारून डोळे मिटायचे ना, 'लोणी' म्हणायचे. ते बघून सांगू वाटंना."

सुंदररावांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. शर्टावरचा डाग ते बराच वेळ बोटानं चोळत राहिले. शेवटी खाकरले, घमेल्यातला फिल्टर दोन बोटांनी उचलला, नीट निरखला आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, "पण लेकाचा लई चिवट निघाला. घाण बघा किती धरलीय."

मग ते दुकानाची पायरी चढले. "सरका, मुक्ताबाई. पैज म्हंजे पैज."

मुक्ताबाईंना वाटलं होतं, म्हातारा तासभर तोंड पाडून उभा राहील. पण गल्ल्यावर उभे राहिल्यावर सुंदररावांचा आवाज परत आला. "यावा, यावा! ताट घासायला येळ हाय का कुणाला? खरं सांगा, घरी तरी घासता का?" बाया फिसकन हसल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. "मंग घ्या पत्रावळ! चार वर्सं माझ्या इंजिनात हीच हाय. ऐका, किक मारून दाखवतो!" इंजिनातलं ऑईल काढून ठेवलेलं होतं, म्हणून बजरंगनं त्यांना किक मारू दिली नाही. दुपारपर्यंत बुलेटचेच काय, बाकी गाड्यांचेही फिल्टर संपले. ज्याच्याकडं गाडी नव्हती असा एक जण मेव्हण्यासाठी घेऊन गेला.

संध्याकाळी बजरंगनं विचारलं, "आबा, गाडीत आता कोणता घालू?"

सुंदररावांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. खाली आणूनही शेजारच्या दुकानात ऐकू गेला. "स्टीलचाच घाल. मी सोता धुवीन. पण बाहेर बोलू नको बे. आज एवढे कागदी इकलेत मी."

मुक्ताबाईंना त्यांनी निरोपाचा नमस्कार केला. पैज फिटली होती, बाईंनीही हात जोडले आणि शटर ओढलं.

पुढच्या बाजारी सकाळी नऊ वाजता त्या दुकानाशी आल्या, तर सुंदरराव इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसले होते.

"उशीर केला, मुक्ताबाई. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबलीत. बसवून ठेवलीत समोर चहा प्यायला."

मुक्ताबाईंनी कुलपाला किल्ली लावली. "सरपंच, पैज एकाच दिवसाची होती."

"व्हय, व्हय. ते तर हायच," असं म्हणत ते आत शिरले आणि फळीवरची खोकी पुढं ओढायला लागले.