बेलाच्या पानाचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. रंगानं पिवळा, कोपऱ्यांवर खरचटलेला, वर धरायला मूठ आणि पुढं वायरीला जोडलेली एक नळी. अणूचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. मला कळतात, आणि कळले की मी टिकटिकतो. स्वभावानं मी पक्का संशयी. कुणी कितीही गोड बोलू द्या, हुंगल्याशिवाय मी कुणावर भरवसा टाकत नाही.

ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं एक गोष्ट माझ्या पोटातच घालून ठेवली. किरण थोडेथोडे सगळीकडे असतात. मातीत, दगडात, वरून आभाळातूनसुद्धा येतात. त्यांनी काही बिघडत नाही. पण मी धडधाकट असलो तर कुठंही अधूनमधून 'टिक' करणारच. हे नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझी नोकरी एका अणुवीज केंद्रात लागली. कुठल्या, ते विचारू नका. मी कचऱ्याच्या शेडमध्ये होतो. अणूचा कचरा म्हटला की तुम्हाला काहीतरी हिरवं चमकणारं आठवत असेल. छे! वापरलेले हातमोजे, टोप्या, फरशी पुसायची फडकी. याला कमी पातळीचा कचरा म्हणतात. तो पिवळ्या पिंपांत भरायचा आणि सिमेंटच्या खड्ड्यांत बंद करायचा. फाटकाबाहेर काहीही न्यायचं असलं की आधी माझ्यापुढं आणायचं. मोठ्या साहेबांच्या जेवणाच्या डब्यालाही मी सोडलं नाही. लोक म्हणायचे, "हा पिवळा कोतवाल आहे तोवर काळजी नाही." खोटं कशाला बोलू, ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग फाटकावर माणसाएवढं उंच नवं यंत्र आलं. माझी रवानगी कपाटात झाली. अंगावर फुटकी हेल्मेटं, खाली ओल, आणि शेजाराला झुरळं. त्या ओलीनं माझ्या नळीची वायर गंजत गेली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला वाईट वाटलं हो, लई वाईट वाटलं.

एके दिवशी केंद्रात रोहिणीबाई आल्या. केंद्र आपला कचरा नीट हाताळतं की नाही, हे तपासणं त्यांचं काम. संशयाच्या बाबतीत बाई माझ्याही वरताण! शेडमागची रिकामी, धुतलेली पिंपं भंगारात विकल्याचं त्यांना कळलं.

"बाहेर सोडण्याआधी तपासली?"

"तपासली मॅडम. एकदम साफ."

"आणि झाकणं?"

पिंपं नव्या यंत्रासमोरून गेली होती. झाकणं मात्र वेगळी रचून तशीच ट्रकमध्ये चढली होती. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी असते. ती पाणी धरून ठेवते, आणि पाण्यातली घाणही. कपाटात मी मनात म्हटलं, मी फाटकावर असतो तर एकही झाकण हललं नसतं.

भंगाराचा माग परळीला लागला. व्यापाऱ्याच्या आवारात सगळी झाकणं मिळाली, एक सोडून. ते झाकण, पिंपासकट, सिरसाळ्याजवळच्या मुंजाजी नावाच्या मेंढपाळानं नेलं होतं. बाकीचे मापक परळीच्या आवारात गुंतलेले, म्हणून माझी आठवण झाली. मला तयार करायचं काम रोहिणीबाईंच्या हाताखालच्या अंगदकडं होतं. अंगद त्याच भागातला. त्यानं धूळ पुसली, सेल बदलले, दिवा लागलेला पाहिला आणि म्हणाला, "चालू हाय." आतल्या वायरीकडं त्यानं बघितलंच नाही.

परळीची राख उडवणारी धुराडी मागं टाकून आमची जीप मुंजाजीच्या दारात थांबली. दारातच ते पिवळं पिंप, पाण्यानं काठोकाठ. मुंजाजीची आई कडूबाई उंबऱ्यात उभी, आणि बायको अंजू पिंपाला टेकून. अंजूचे दिवस भरत आले होते. घरात पहिलंच बाळ येणार होतं.

अंगदनं माझी नळी पिंपावरून फिरवली. माझ्या तोंडून अवाक्षर निघेना.

"बघा मावशी, आवाज न्हाई. कायबी भ्या न्हाई," तो हसून म्हणाला.

"म्हंजे पानी प्यालं तर चालतंय?" मुंजाजीनं विचारलं.

"खुशाल प्या."

अंजूनं पिंपात तांब्या बुडवला. मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला! पिंप चांगलं की वाईट, मला काहीच कळत नव्हतं, आणि माझ्या मुकेपणाला ही माणसं होकार समजत होती.

"थांब!" रोहिणीबाई ओरडल्या. "अंगद, जीपमधून उतरल्यापासून हा एकदा तरी टिकटिकला का?"

"न्हाई मॅडम."

"अरे, मोकळ्या रानातसुद्धा हा टिकटिकतो! हा साफ आहे म्हणून सांगत नाहीये, हा मेलाय." आणि त्यांनी अंजूच्या हातातून तांब्या काढून घेतला.

कडूबाई उसळली. "कावून वो बाई? पोटुशी पोरीच्या हातचं पानी कावून घेता? आमी काय चोर हाव का?"

"चोर तुम्ही नाही मावशी. माझा या यंत्रावर विश्वास नाही."

बाईंनी मला उघडलं आणि गंजलेली वायर पाहिली. अंगदचं तोंड उतरलं. मुंजाजीनं मेंढरं कातरायची कातरी आणून दिली. तिच्या टोकानं अंगदनं गंज खरवडला, वायर घट्ट बसवली. टिक! काय सांगू, मला हंबरडा फोडावासा वाटला.

पिंपावर नळी फिरली. टिक... टिक. अंगणात होती तेवढीच. पिंप खरोखर साफ होतं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी नाही सोडला, आणि बाईंनीही नाही.

"झाकण कुठाय?"

"कसलं झाकन?" कडूबाई म्हणाली. पण अंजूची नजर घराकडं वळली, आणि कडूबाईनं पदर सावरला. मला तेव्हाच वास आला.

बाई मला घेऊन आत गेल्या. भिंतीतल्या देवळीपाशी येताच मी कडाकडा वाजायला लागलो. देवळीत ते झाकण उभं केलं होतं. त्यावर हळदकुंकू आणि ताजं फूल. पिवळ्या रंगावर धोक्याच्या खुणेची तीन काळी पाती, आणि त्याखालीच अंजूचं अंथरूण.

कडूबाईचा आवाज बारीक झाला. "वैजनाथाच्या परळीतनं आलं, वर ह्ये तीन पात्यांचं बेलाचं पान. म्हनलं देव आपल्या पायानं घरी आला. तुमी न्याल म्हनून लपवलं. सुनंच्या उशाशी ठिवलं वो, बाळंतपन सुखाचं व्हावं म्हनून..."

कुणीही हसलं नाही. जगभर जी खूण 'लांब राहा' म्हणून सांगते, तिला या माउलीनं लेकराच्या उशाशी बसवलं होतं.

"बाळाला काय झालं आसंल का?" अंजूनं विचारलं.

"किरण कमी आहेत. घाबरण्यासारखं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण वाटत नाही म्हणून सोडणार नाही. तुमची सगळी तपासणी करू."

झाकण पिशवीत बंद झालं. फूलही बंद करावं लागलं. कडूबाईनं पिशवीला हात जोडले, आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

पुढं मुलगी झाली. दवाखान्यानं आई आणि बाळ दोघीही ठणठणीत असल्याचं सांगितलं. कडूबाईला पटेना. "डाक्टरचं ऱ्हाऊ द्या. त्या पिवळ्याला आना," म्हणाली. अंगद मला घेऊन आला. या वेळी त्यानं आधी मला उघडून पाहिलं, मग दारातल्या दगडावर धरलं. टिक... टिक. मग हळूच बाळाजवळ नेलं. टिक... टिक.

"आगं माय, हे तर बोलतंय!" कडूबाई दचकली.

"बोलू द्या मावशी," अंगद म्हणाला. "दगडापशी बोलला तेवढंच बोलतोय. गप बसला आस्ता तर मला घाम फुटला आस्ता."

तेव्हा कुठं कडूबाईनं नातीला उचलून छातीशी धरलं.

मित्रांनो, मी आता कपाटात नसतो, फाटकावर असतो. तुमच्याकडंही राखण करणारी यंत्रं असतील. नवं आलं म्हणून जुन्याला ओलीत कोंडू नका. त्याची वायर बघा, गंज काढा. आणि माझ्यासारखा कुणी राखणदार अगदी गप्प बसलेला दिसला, तर निर्धास्त होऊ नका. आधी त्याला बोलतं करा, आणि मगच पाण्यात तांब्या बुडवा.