सोबतीला उभी

ऐका ना, आधी मला बसू द्या. आणि हसायचं नाही, आधीच सांगते.

तुम्हाला माहितीये, मी वॉशिंग मशीनच्या तक्रारींचे फोन घेते. आमच्याकडे नियमच आहे, समोरचा कितीही तापलेला असो, फोन ठेवताना म्हणायचं, "काळजी करू नका, मी आहे तुमच्यासोबत." साहेब म्हणतात, मनापासून म्हणा, निदान तसं वाटू तरी द्या. मी म्हणायचे. दिवसभर. मधे जांभई आली तर तीही देऊन घ्यायचे.

तर एक काका. थकलेला आवाज. मशीनमध्ये पाणी तुंबलं होतं. माणूस पाठवते म्हटलं आणि शेवटी ते वाक्य टाकलं. काका म्हणाले, "खरंच? बरं झालं बाई. ही गेल्यापासून घर खायला उठतं."

दुसऱ्या दिवशी परत फोन, नेमका मलाच. "मशीन झालं नीट. पण पोरी, तू कालपासून कोपऱ्यात उभी आहेस, जरा बस की."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. म्हटलं, "काका, मला खुर्ची आहे इथे. गादीवाली."

"तिथे असेल. इथे उभीच आहेस. आणि डाव्या बाहीची शिवण उसवलीये तुझी, काखेपाशी. जन्मभर कपडे शिवले मी, नजर जातेच."

मी हात वर केला. अरे, बोट आत जाईल एवढी उसवलेली!

हेडफोन फेकलाच मी. शेजारची म्हणाली, "काय गं, भूत पाहिलंस का?" म्हटलं, "मी नाही, त्यांनी पाहिलंय."

मग पाय सुरू झाले. दिवसभर बसून असते, तरी संध्याकाळी पोटऱ्या नुसत्या भरून यायच्या. नाकात शिलाई मशीनच्या तेलाचा वास, आमच्या घरात ते मशीनच नाही. घरी कुणी हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. मी अर्धी तिकडेच. आणि रोज थोडी जास्त तिकडे, हे मला कळत होतं.

शेवटी आईला विचारलं, "सोबत म्हणजे काय गं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "डोकं फिरलंय का तुझं? लहानपणी बाथरूमला गेलीस की मला दाराबाहेर उभी करायचीस. सारखं आपलं, आई, आहेस ना? आई, आहेस ना? दूध उतू गेलं तरी मी हलायची नाही. ती सोबत."

अंगावर काटाच आला. हे मी दिवसभर लोकांना कबूल करत होते?

काकांचा पत्ता ऑफिसात होताच. रविवारी सकाळी गेले, तोच उसवलेला ड्रेस घालून. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मागे वळून खोलीत बघितलं, परत माझ्याकडे.

"आता दोघी?"

मी कोपऱ्याकडे बघितलं नाही. आईशप्पथ नाही. म्हटलं, "काका, मी बसायला आलेय."

बसले. काकू कशा भांडायच्या, काजं-बटणं करताना कशा गुणगुणायच्या, सगळं ऐकलं, एकदाही मोबाईल न बघता. बोलता बोलता त्यांनी सुई ओवली. "हलू नकोस, टोचेल." बाही शिवली, दोरा दातानं तोडला, कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "गेली." त्याच क्षणी माझे पाय हलके झाले.

निघताना ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, "पुढच्या रविवारी येईन." जेवढं जमेल तेवढंच.

सोमवारी तोच ड्रेस घालून कामावर गेले, खुशीत. पहिलाच फोन, एक बाई. अगदी हळू बोलत होती, कुणी ऐकेल म्हणून.

"अहो, मशीन ठीक आहे. पण तुमच्या त्या मुलीला परत बोलवा ना. कधीची दारामागे उभी आहे. बाही उसवलीये तिची."

माझी बाही तर शिवलेली होती.

हे बघा पाय, कसे सुजलेत. आणि ते वाक्य किती जणांना म्हटलंय, मला आठवतसुद्धा नाही.