बाराव्या थापेला

तन्मयचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा वल्लरी चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसखाली जेवणाच्या रांगेत उभी होती. तन्मय तिचा धाकटा भाऊ. मनालीच्या वरच्या डोंगरात तो पुण्याच्या चौघांना स्कीइंगला घेऊन गेला होता. त्याच डोंगरात वल्लरीने सिंगापूरला येण्याआधी सहा हिवाळे काढले होते, बर्फाचे थर तपासून हिमस्खलनाचा अंदाज बांधण्यात.

"ताई, खड्डा खणलाय. जरा बघतेस?"

ती रांग सोडून जिन्यात गेली. तन्मयने बर्फाचा फावड्याएवढा रुंद खांब चारी बाजूंनी मोकळा केला होता. त्यावर फावडं ठेवून थापा मारायच्या. आधी दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, मग दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर मोडेल तितका उताराचा भरवसा कमी. बाराव्या थापेला वरचा दीड फुटाचा थर ड्रॉवर उघडावा तसा अलगद पुढे सरकला.

सरकलेल्या जागेवर तिने त्याला बोट फिरवायला लावलं. खालचा बर्फ जाड्या साखरेसारखा सुटा गळत होता. उतार किती, तर चौतीस अंश. येताना पायाखाली काही आवाज झाला का, असं विचारल्यावर तो जरा घुटमळला. सपाटीवर एकदा धप्प झालं होतं म्हणाला, म्हणजे आतला कच्चा थर पायाखाली बसला होता.

तिने त्याला डोंगराच्या धारेवरून जायला सांगितलं. तन्मयचं म्हणणं वेगळं होतं. धारेने तीन तास जास्त लागणार, वारा झोंबतोय, मनोहर नावाचे पन्नाशीचे गृहस्थ आधीच थकलेत. हा उतार वीस मिनिटांचा. एकेकाला सोडलं की झालं. कालच एक गट इथून उतरला होता.

"काल वारा नव्हता. आज त्यानंच वर बर्फ आणून टाकलाय. तन्मय, ऐक माझं, धारेनं..."

चित्र गोठलं. मग फोनच लागेना.

दुपारभर मीटिंगमध्ये तिला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. त्याने ऐकलं नसेल तर? आणि ऐकलं असेल, आणि वाऱ्यात कुणी कोसळलं तर? तीन वर्षांत तिने बर्फाला हात लावला नव्हता. चार इंचांच्या पडद्यावर बघून तिने पाच माणसांना वाट बदलायला सांगितलं होतं.

संध्याकाळी मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये तिची मुलगी इरा सिंगापुरी ढंगात म्हणाली, "मामा विल बी फाइन, लाह." तिचा नवरा प्रबोध लवकर घरी आला आणि तिच्याशेजारी बसला.

सव्वासातला फोन वाजला.

"पोचलो," तन्मय म्हणाला. धारेनेच आले होते. तिचं शेवटचं वाक्य त्याला अर्धंच ऐकू आलं होतं, पण तिचा आवाज ऐकून त्याची उतरायची हिंमत झाली नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, की मनोहरांची दोन बोटं पांढरी पडलीत, बधिर आहेत. तो उतार मात्र खालून दिसतोय, साधी भेगही नाही. मनोहर चिडलेत, उगाच फिरवलंत म्हणतात.

वल्लरीने डोळे मिटले. मग म्हणाली, "त्यांना फोन दे."

पलीकडे कुणीतरी घसा खाकरला.

"मी तन्मयची बहीण. धारेनं जा, हे मी सांगितलं होतं. त्याच्यावर रागावू नका."

"तो उतार कोसळला असता?"

"माहीत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही."

मनोहरांनी मग वेगळंच विचारलं.

"तुम्ही स्वतः इथे असता तर उतरला असता?"

"नाही."

"बरं," मनोहर म्हणाले. आवाजातली धार जरा उतरली होती. बोटांचं काय करायचं, त्यांनी विचारलं.

"कोमट पाण्यात बुडवा, अर्धा तास. चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. आणि आजच डॉक्टरला दाखवा. खूप दुखेल, पण दुखणं म्हणजे बोटांत रक्त परत येतंय. दुखायला लागलं की मला लगेच कळवा, मी वाट बघते."

फोन हातात धरून ती तशीच बसून राहिली.