जगनरावांचा घरचा ब्रेड

मी ओव्हन बोलतोय. पण आधी माझ्या पोटातले तवे काढा. तीन तवे, एक कढई आणि बिनभांड्याची सात झाकणं घेऊन कोणाला धड बोलता येईल?

जन्म माझा कारखान्यातला, पण संसारात पडलो तो कल्याणला. स्वप्नाच्या लग्नात मी आहेरात आलो. पहिला आठवडा सगळ्यांनी माझी बटणं फिरवून बघितली. दुसऱ्या आठवड्यात तिच्या सासूबाईंनी, मंजुळाबाईंनी, माझ्यात भांडी कोंबली आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. सहा वर्षं मी त्या घरात कपाट म्हणून नोकरी केली.

मंजुळाबाईंचे यजमान जगनराव ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका ब्रेडच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होते. "रोज हजारो ब्रेड माझ्या हातून जातात," असं सांगायचे. खोटं नव्हतं ते. हातून जायचे, पण भाजून झाल्यावर. जगनराव स्लाइस कापायच्या मशीनवर होते, पीठ त्यांनी जन्मात मळलं नव्हतं. घरात मात्र सगळे समजायचे की ब्रेड तेच बनवतात, आणि हा गैरसमज त्यांनी मोठ्या मायेने सांभाळलेला.

यंदा ते रिटायर झाले, तशी स्वप्ना म्हणाली, "पप्पा, आता ब्रेड घरीच करू ना. तुम्हाला तर झोपेत पण येईल." रविवारी तिचे आईवडील चहाला यायचे होते. त्यांनाही तिने सांगून टाकलं.

शनिवारी दुपारी घरात कोणी नसताना जगनराव माझ्यासमोर येऊन पुटपुटले, "बाबा रे, मला यातलं काय पण येत नाय. सव्वीस वर्षांची इज्जत आहे, सांभाळून घे." मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांत माझ्याशी बोललेला हा पहिला माणूस. मीही कधी काही भाजलेलं नाही, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

रविवारी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. यीस्टवर कढत पाणी ओतलं, ते जागच्या जागी मेलं. पीठ फुगेना म्हणून त्यावर टॉवेल टाकला, मग गोधडी टाकली. शेवटी माझ्यातली भांडी बाहेर काढून तसाच गोळा आत सरकवला. मी जीव तोडून तापलो. तासाभराने बाहेर निघालेली वस्तू ओट्यावर ठेवली, तर शेजारचे पेले हलले.

मंजुळाबाई आत आल्या. ब्रेडकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि सुरी पुढे केली. "कापा. ते तरी येतं तुम्हाला."

जगनरावांचा चेहरा पडला. "तुला माहितेय?"

"पहिल्या महिन्यापासून. शर्ट मीच धुवायची ना? एकदा तरी पीठ लागलेलं दिसायला नको? खिशात नुसता चुरा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं छान सांगायचात. पोरं ऐकत बसायची."

जगनराव बराच वेळ सुरी पुसत राहिले. मग त्यांनी असे पातळ, एकसारखे काप काढले की त्या धोंड्यालाही रूप आलं.

व्याही आले, जयभीम झाला, चहा झाला. व्याह्यांनी काप चहात बुडवला आणि म्हणाले, "टोस्ट फक्कड झालेत." निसटायची ती नामी संधी होती. जगनरावांनी बशी खाली ठेवली. "टोस्ट नाय, ब्रेडच आहे. बिघडलाय. मी कापायच्या मशीनवर होतो, पीठ आज पहिल्यांदाच मळलं."

स्वप्ना हसली. "मग पुढच्या रविवारी दोघं मिळून शिकू, पप्पा."

तेव्हापासून दोन ब्रेड जळले, एक कच्चा राहिला, एरवी भांडी परत पोटात येतात, तरी मी खूश आहे. तुमच्या घरातल्या माझ्या भाऊबंदाला एकदा तरी तापवून बघा. जे काही निघेल ते निमूट खा, नावं ठेवू नका. जगनराव काय, मी काय, आत्ता कुठे कामाला लागलोय.