अनुमोदक

प्रोजेक्टरची वायर भिंतीपर्यंत पोचेना, तेव्हा यज्ञेश्वर पाध्यांनी पिशवीतून आपला एक्स्टेंशन बोर्ड काढला आणि वाकून स्वतःच लावून दिला. आपला गळा कापायला आलेल्या माणसाला सुरीला धार लावून द्यावी, तसा. पण सभागृहात दुसऱ्या कुणाकडे बोर्ड नव्हता, आणि लॅपटॉप घेऊन उभा असलेला सुबोध त्यांचाच शिष्य होता.

"थँक्यू, काका."

"खालचं बटण दाब. वरच्यातून ठिणग्या येतात."

झाशीत खंडेराव गेटजवळच्या मराठी मंडळाची ही रविवार सकाळची बैठक. विषय एकच, मंडळाची वेबसाइट. बँकेतून निवृत्त झाल्यावर यज्ञेश्वरांनी ती पीएचपी या संगणकभाषेवर चालणाऱ्या एका तयार, फुकट प्रणालीत उभी केली होती. गणपतीचे कार्यक्रम, हळदीकुंकू, बारशी, मुंजी, साखरपुडे, निधनवार्ता, सगळं त्यांच्या हातून चढायचं. आणि ते चढल्याशिवाय झाशीतल्या मराठी माणसाच्या आयुष्यात काही घडलं असं कुणी मानत नसे. शाळकरी सुबोधला जेवणाच्या टेबलाशी बसवून त्यांनीच हे काम शिकवलं होतं. आता तो नोएडाला नोकरीला होता आणि मंडळाला जावा या दुसऱ्या संगणकभाषेतलं पोर्टल बांधून द्यायचा प्रस्ताव घेऊन आला होता. तेही फुकट. फुकट म्हटल्यामुळे उपस्थिती चांगली होती.

"पीएचपी बुरा नहीं है," सुबोधने सुरुवात केली. त्याचं मराठी दर वाक्याला हिंदीच्या सावलीत बसून दम खायचं. "छोटं काम असेल तर बेस्ट. होस्टिंग स्वस्त, प्लगिन तयार मिळतात. पण सगळं एकाच माणसाच्या हातात राहतं. जावाच्या पोर्टलला मोठा सर्व्हर लागतो, बांधायला टाइम लागतो, हे मी मानतो. पण त्यात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. प्रत्येकाला वेगळा अधिकार."

'अधिकार' ऐकताच खुर्च्या करकरल्या.

"अध्यक्षाला काय मिळतं?" भीमरावांनी विचारलं. अध्यक्ष तेच होते.

"अंतिम मंजुरी, साहेब."

"आणि कोषाध्यक्षाला?" इंदुमतीबाई म्हणाल्या.

"पहिली मंजुरी, मावशी."

"पहिली म्हणजे अध्यक्षांच्या आधी?"

"जी."

इंदुमतीबाईंनी भीमरावांकडे पाहिलं नाही, पण पदर सारखा केला.

यज्ञेश्वर उठले.

"मंजुरी देणारे पुष्कळ झाले. लिहिणार कोण? माझ्याकडे बातमी आली की चहा निवायच्या आत साइटवर लागते. ह्याच्या पोर्टलात मूल रांगायला लागेल, तरी त्याच्या जन्माची बातमी मंजुरीतच पडलेली असेल."

लोक हसले. भीमराव तर खोकला येईपर्यंत हसले. यज्ञेश्वर निवांत बसले, आणि त्या निवांतपणाला कारण होतं. मंडळात मतदान कधी होत नसे. सूचक लागे आणि अनुमोदक लागे. आणि समोर बसलेल्या माणसाविरुद्ध अनुमोदन द्यायला कुणी धजत नसे, कारण झाशीत मराठी घरं ती किती, उद्या भाजीबाजारात तोच माणूस पुन्हा समोर यायचा. आजवर कित्येक प्रस्ताव अनुमोदकाअभावी, कुणाचंही मन न दुखावता, शांतपणे वारले होते.

"सूचक सुबोध," भीमराव म्हणाले. "अनुमोदक?"

सगळे छताकडे पाहू लागले. पंख्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी पाहिला. यज्ञेश्वर आपला बोर्ड काढायला वाकले.

"काय रे," मागच्या रांगेतून आवाज आला, "तुझ्या त्या पोर्टलात कुणी हो म्हटल्याशिवाय काही लागत नाही, असंच ना?"

लीलाबाई होत्या. यज्ञेश्वरांच्या पत्नी.

"नाही लागत, काकू. बिल्कुल नाही."

"मग माझं अनुमोदन आहे."

नवऱ्याविरुद्ध बायकोचं अनुमोदन चालतं का, याबद्दल मंडळाच्या घटनेत अक्षर नव्हतं. असं कुणी करील हे घटना लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. भीमरावांनी एकदा यज्ञेश्वरांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, 'मंजूर' म्हटलं आणि पोहे मागवले.

यज्ञेश्वरांनी पोहे खाल्ले. चांगले झालेत, असंही म्हणाले. सुबोध पाया पडायला आला तेव्हा त्यांनी पाय दिले. आशीर्वाद मात्र पोह्यांबरोबर गिळला.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर ते थांबले.

"तुला जावा म्हणजे काय ते ठाऊक आहे?"

"नाही."

"पीएचपी?"

"तेही नाही."

"मग? पोराचं मी समजू शकतो. नोएडाचं वारं लागलंय. पण तू? घरात एका शब्दाने बोलली नाहीस आणि चारचौघांत माझ्याविरुद्ध उभी राहिलीस?"

"घरात बोलायला तुम्ही कॉम्प्युटरवरून उठायला हवं." लीलाबाईंनी आवाज चढवला नव्हता. "समथरला माझा भाऊ गेला, त्या दिवशी मी गहू निवडत होते. इंदुमतीचा फोन आला. म्हणाली, आत्ताच साइटवर वाचलं वहिनी, फार वाईट झालं. मी विचारलं, कुणाचं गं?"

यज्ञेश्वरांनी किल्ली लावली होती. ती फिरवायची राहिली.

"मी तुला सांगायलाच येत होतो. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, ते आधी..."

"हो. फोटो छान लावला होतात. हारसुद्धा."

एवढं बोलून त्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात यज्ञेश्वरांच्या खिशात मोबाईल वाजला. झाशीजवळच्या बबीना गावचे संभाजीराव होते, किराणा दुकानवाले. आवाज इतका मोठा की स्पीकरची गरज नव्हती.

"यज्ञेश्वरजी, बधाई दीजिए! आमच्या शिवांगीचं ठरलं! ग्वाल्हेरची मंडळी आत्ताच हो म्हणून उठली बघा. फोटो पाठवतो, लगेच साइटवर टाका. सगळ्यात आधी तिथेच दिसलं पाहिजे."

'टाकतो' म्हणायला यज्ञेश्वरांचं तोंड उघडलं होतं. सवयीचा शब्द, जिभेच्या टोकावर बसलेला. तो तिथेच राहिला.

"संभाजीराव," ते म्हणाले, "शिवांगीला ठाऊक आहे ना?"

पलीकडे तोच मोठा आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकांवरून घराकडे वळला, "अगं, शिवांगीला कुणी सांगितलं का?"