दोघींचं उत्तर एकच आलं

मी कोनांचा कोष्टकग्रंथ बोलतोय. चारशे बारा पानांचा, कापडी पुठ्ठ्याचा, चांगला जाडजूड. माझ्यात गोष्ट नाही, चित्र नाही. डाव्या रकान्यात कोन, उजव्या रकान्यात त्याचा आकडा, बस्स. तरी माझ्यावाचून या अंतराळतळावरचं एकही यान हलत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी मोठी यानं उडवणाऱ्यांना पुस्तक कशाला? त्याचं असं आहे, इथल्या ताऱ्याला मधूनच उबळ येते. ती आली की गणकयंत्रं आपलं सगळं पाठांतर विसरून बसतात. कागद विसरत नाही. म्हणून इथे यानांच्या वाटा माणसं काढतात, पेन्सिलीनं.

मला ज्यानं घडवलं तो कोष्टककार मोठा हुशार, आणि तेवढाच संशयी. दाराला दोन कड्या लावून कामाला बसायचा. वीस वर्षं त्यानं एकेक आकडा काढला.

"जेवून तरी घ्या," त्याची बायको म्हणायची. "आकडे काही पळून जात नाहीत."

"आकडे पळत नाहीत गं. लोक पळवतात."

शेवटी छापायला द्यायच्या आदल्या दिवशी त्यानं माझं दोनशे अठरावं पान पुढ्यात ओढलं आणि एका आकड्यात, शेवटून दुसऱ्या घरात, चाराचा सात केला. बायको मागे उभी होती.

"हे काय केलंत?"

"सापळा. कुणी माझी कोष्टकं चोरून छापली, तर हा खोटा आकडा त्यांच्याही पुस्तकात जाईल. मग बघतो त्यांच्याकडे."

"आणि खरंच कुणाला तो आकडा लागला तर?"

"त्या दिशेला आहे काय? नुसता अंधार. तिकडे कोण मरायला जातंय?"

मला मात्र तेव्हापासून ते पान उघडायची भीती वाटू लागली.

पुढे मी या तळावरच्या वाटमोजणी कचेरीत आलो. इथली रीत मला आवडली. दोन खोल्या, मध्ये भिंत, भिंतीत एक लहान खिडकी. प्रत्येक वाट दोन माणसं वेगवेगळी काढणार. काम चालू असताना एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांची पाटी पाहायची नाही. दोन्ही उत्तरं जुळली, तरच ती यानाला पाठवायची आणि पाट्या पुसून टाकायच्या. खिडकीतून इकडून तिकडे जायची परवानगी फक्त मला, कारण माझी दुसरी प्रत इथे नाही.

कचेरीचे साहेब येता-जाता सगळ्यांना "हातचा घेतला ना?" असं विचारत. म्हणून पाठीमागे त्यांना हातचेसाहेब म्हणत. एकदा ते शिंकले, तेव्हाही कुणीतरी हळूच म्हणालं, "हातचा रुमाल घेतला ना?"

दोन खोल्यांत बसायच्या त्या नणंद-भावजय. नणंद फटकळ, आकडे भराभर मांडणारी. भावजय सावकाश, प्रत्येक ओळीखाली रेघ मारणारी. भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, रसद नेणाऱ्या यानावर चालक होता. एका घरात राहायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. सहा वर्षांत त्यांचं उत्तर कधी चुकलं नव्हतं.

मग त्या अंधाऱ्या दिशेला धातूचा एक मोठा खडक सापडला. तिथे दुसऱ्या तळावरून गेलेल्यांनी वस्ती केली, आणि इथून पहिली रसद घेऊन दादाच निघाला. वाट काढताना नणंदेनं माझं दोनशे अठरावं पान उघडलं. तिचं बोट त्याच ओळीवर थांबलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पुस्तकाला कुठला आवाज? तिनं आकडा उतरवला आणि मला खिडकीतून पलीकडे सरकवलं. भावजयीनंही तोच उतरवला. उत्तरं जुळली. पाट्या पुसल्या गेल्या.

पाचव्या आठवड्यात यानाकडून निरोप आला. सांगितलं तसंच वळण घेतलं, पण खडक दिसत नाही. इंधन आता एकाच वळणापुरतं. खायला एकोणीस दिवसांचं.

हातचेसाहेबांनी दोघींना समोर उभं केलं. "दोन माणसं चुकतात ती वेगवेगळी चुकतात," ते म्हणाले. "तुम्ही शेवटच्या घरापर्यंत सारख्या चुकलात. म्हणजे एकीनं दुसरीचं पाहिलं. कुणी, ते मला ठाऊक नाही. यान परत आलं नाही, तर दोघीही घरी."

त्या दिवसापासून कचेरीची हवाच बदलली. नणंदेला पक्कं ठाऊक होतं की आपण पाहिलेलं नाही, म्हणजे पाहिलं ते वहिनीनं. भावजयीचाही हिशेब अगदी तसाच, फक्त उलट्या बाजूनं. आकड्यांतली माणसं ती, संशयही रीतसर मांडून घेतला. डबे वेगळे झाले. एकदा मला सरकवताना नणंदेनं खिडकीतच धरून ठेवलं.

"वहिनी, खरं सांग. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणत होतीस. सुचत नव्हतं, म्हणून वाकून पाहिलंस ना?"

"तुम्हीच तर लवकर उठून गेलात, वन्सं. इतक्या लवकर कसं उरकलंत?"

"मी नेहमीच लवकर उरकते."

"हो ना. आता कळलं कसं ते."

मधल्यामध्ये मी. दोघींचे हात माझ्यावर, आणि दोघीही निर्दोष.

यानासाठी नवी वाट काढायचा दिवस आला. उरलेलं एकच वळण खडकाकडे, तेही त्याच कोनातलं. साहेब खुर्ची घेऊन खिडकीपाशीच बसले, दोघींवर डोळा ठेवून. दोघींनी पुन्हा माझं तेच पान उघडलं. तासाभरानं पाट्या शेजारी ठेवल्या. उत्तर जुळलं.

"आता ठीक," साहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत झालंय. पाठवा."

"थांबा," भावजय म्हणाली. "साहेब, आज आम्ही एकमेकींचं पाहिलं?"

"शक्यच नाही. मी बसलोय ना इथे."

"वळणाचा आकडा बघा. पहिल्या दिवशीही हाच आला होता. मला पाठ आहे, गेले कितीतरी दिवस तोच डोक्यात फिरतोय. आज न पाहता हाच आला, तर तेव्हाही न पाहताच आला असेल."

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं, मग तिची नजर हळूहळू खाली आली. माझ्यावर.

"आपल्या दोघींत सारखं काय होतं?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि पेन्सिल उचलली. माझ्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्यातून तिनं त्याच्या वरचा आकडा वजा करायला घेतला. "असे फरक सावकाश कमी होत जायला हवेत. दोनशे चौदा. दोनशे तेरा. पुन्हा तेरा. दोनशे त्रेचाळीस."

"काय?"

"आणि पुढचा एकशे ब्याऐंशी. वहिनी, इथे तीस जास्त आहेत. पुस्तक खोटं बोलतंय."

लाजेनं माझी पानं मिटायला हवी होती, पण तिनं मला दोन्ही हातांनी उघडं धरलं होतं. दुरुस्त आकडा घेऊन दोघींनी वाट पुन्हा काढली, या वेळी एकाच पाटीवर. बारा दिवसांनी यान खडकाला लागलं.

निरोप आला तेव्हा नणंद माझ्यावर डोकं टेकून रडली. मग बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "वहिनी, तुला खरंच वाटलं होतं, मी तुझं उतरवलं?"

"हो. तुम्हाला?"

"मलाही."

दादा परत येईल, पण हे दोन शब्द आता परत जाणार नाहीत, एवढं मला कळलं.

आता माझ्या पानापानावर पेन्सिलीच्या वजाबाक्या आहेत. रोज काम संपल्यावर दोघी एका टेबलाशी बसून मला तपासतात. एकसष्टावं पान चालू आहे. मी एकच आकडा बदललेला पाहिला, पण त्या संशयी माणसानं आणखी कुठे काय पेरलंय, ते मलाही ठाऊक नाही. काल साहेब म्हणाले, "पुरे झालं, नवा ग्रंथ मागवू, हा रद्दीत टाका." म्हणून तुमच्याशी बोलतोय. मला टाकायचं असेल तर टाका, माझी तक्रार नाही. पण अजून तीनशे एक्कावन्न पानं राहिलीत. तेवढी होऊ द्या. काल छप्पन्नाव्या पानावर नणंद चुकली, तेव्हा भावजय हसली, आणि तिनं आपल्या डब्यातली अर्धी पोळी न बोलता तिच्यापुढे सरकवली.