सूरज फौजीच्या दारातली ट्रंक

मित्रांनो, मी काळ्या पत्र्याची पेटी. फौजी माणसं मला ट्रंक म्हणतात, म्हणून तुम्हीही तसंच म्हणा. माझा एक कोपरा चेपलेला आहे आणि कडी थोडी तिरकी बसते. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की आधी पराक्रम सांगायचे असतात. थोडेफार माझ्याकडेही आहेत. पण मला मेढ्याजवळच्या एका गावातली दुपार सांगायची आहे, आणि ती सांगताना अजून माझा पत्रा आकसतो.

माझा जन्म सांगलीजवळच्या कुपवाडचा. एका लहानशा कारखान्यात पत्रा कापून, ठोकून, कडेला दुमडून मला उभं केलं. काळा रंग लागला तेव्हा त्या वासाने माझं मलाच गरगरलं. रंग पुरता वाळायच्या आत जोतीराम नावाचा नवा जवान मला घेऊन गेला. पलटणीत पोचल्यावर माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव उमटलं. मला किती मिरवावंसं वाटलं म्हणून सांगू! जम्मू पाहिलं, तेजपूर पाहिलं. आगगाडीच्या बाकाखाली मी असायची आणि वर बाकावर तो. थंडीत तो माझ्यावर बसून चहा प्यायचा.

आमच्या बराकीत शेजारच्या खाटेखाली माझ्यासारखीच एक ट्रंक होती. एकदा ती तिच्या जवानाशिवाय, एकटीच गेली. तिला कुलूप घातलं, वर लाख लावून शिक्का मारला आणि दोन जवान तिला उचलून घेऊन गेले. त्या दिवशी कुणी मोठ्याने बोललं नाही. ती कुठल्या गावी पोचली, कुणाच्या दारात उतरली, तिथे पुढे काय झालं, हे मला कधी समजलं नाही. खरं सांगते, मी विचारही केला नाही. मी माझ्या माणसाबरोबर जायची आणि त्याच्याबरोबरच परत यायची. रजेला घरी आलो की मुलं पळत यायची आणि माझं झाकण उघडेपर्यंत त्यांना दम नसायचा.

जोतीराम सुखरूप निवृत्त झाला. सांगलीत राहिला, म्हातारा झाला आणि आपल्या अंथरुणात गेला. मग माझ्यात गोधड्या राहिल्या. पुढे घरातली माणसं पुण्याला गेली आणि मी रसूलचाचांच्या दुकानात आले.

ते दुकान तुम्ही एकदा पाहायला हवं. सांगलीतल्याच विश्रामबागेच्या मागच्या अंगाला, कॉलेजांच्या जवळ. जुन्या खुर्च्या, टेबलं, अभ्यासाचे दिवे, बंद पडलेले रेडिओ, टाइपरायटर, आरसे, कॅमेरे. शिकणारी मुलं येताना कॉट घेऊन येतात आणि शिक्षण संपलं की तीच कॉट परत आणून देतात. रविवारी तर जत्राच. घ्यायचं काहीच नसतं, तरी प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहायची असते. मला एका अडकलेल्या घड्याळाखाली ठेवलं होतं. येणारी मुलं माझ्यावर पिशव्या टेकवायची. माझ्याकडे बघायचं मात्र कुणाच्या मनात यायचं नाही.

मग पूजा आली. मेढ्याकडची मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बरोबर तिची मैत्रीण अर्फा, ती सांगलीचीच. वर्षभर दोघी गावातली अशी सगळी दुकानं पालथी घालत होत्या.

"चाचा, ही खरी मिलिटरीची का हो?" पूजाने विचारलं.

"मग? नाव बघ की बेटा."

"चाचांचं काही ऐकू नको," अर्फा म्हणाली. "मागच्या महिन्यात पंखासुद्धा मिलिटरीचाच होता."

"तो हवाई दलाचा होता," चाचा गंभीरपणे म्हणाले. मग तिघंही हसली.

पूजा माझ्यापुढे उकिडवी बसली. तिने ओढणीने माझ्यावरची धूळ पुसली आणि जोतीरामच्या नावावरून बोट फिरवलं. "माझ्या दादाची अश्शीच आहे," ती म्हणाली. तिचा भाऊ सूरज फौजेत, कुठल्याशा उंच चौकीवर होता. तिच्या घरी अशी ट्रंक म्हणजे दादाची रजा, अक्रोड आणि आईसाठी शाल.

"उद्या ये. नाव घालवून, नवा रंग मारून ठेवतो," चाचा म्हणाले.

"नको नको! नावासाठी तर घेतेय. किती भारी दिसतंय!"

मित्रांनो, मी फुशारले. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला भारी म्हटलं होतं.

हॉस्टेल सोडायचं होतं. पूजाने माझ्यात पुस्तकं, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या आणि कपडे भरले, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तिची शेवटची तोंडी परीक्षा राहिली होती. मेढ्याचा साईराज तांदूळ उतरवून रिकामी पिकअप घेऊन परत निघाला होता. मी पुढे जायचं आणि ती दुपारच्या एस.टी.ने मागून यायची, असं ठरलं. घरी तिने कळवलं नाही. आईला गंमत वाटेल, असं तिला वाटलं. साईराजने पत्ता विचारला तेव्हा ती म्हणाली, "गावात शिरलात की सूरज फौजीचं घर विचारा. कुणीपण सांगेल."

त्यांच्या घराला गावात तेच नाव होतं. तिने चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं.

भर दुपारी आम्ही गावात शिरलो. पिकअपच्या हौद्यात मी एकटी. साईराजने पारापाशी गाडी थांबवून विचारलं, "सूरज फौजीचं घर कुठलं वं?"

पारावर चाललेलं बोलणं थांबलं. लोकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकाने हात वर करून वाट दाखवली. गाडी पुढे सरकली तशी माणसं उठली आणि मागून चालू लागली. किराणा दुकानाचं शटर खाली आलं. नळावरच्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. "कुणाचं लगीन-बिगीन हाय काय?" साईराज स्वतःशीच पुटपुटला. त्याला काही उमगलं नव्हतं. मलाही नव्हतं.

मला उतरवायला दोघं धावत पुढे आले. त्यांनी मला इतक्या हळूच उचललं की मला वाटलं, माझा मान ठेवताहेत. साईराजने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढली. दारात सूरजची आई, लीलाबाई, पिठाच्या हातांनी उभी होती.

"काकू, सूरज फौजीचं घर ह्येच न्हवं?" तो म्हणाला. "सामान आलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी मला आमच्या बराकीतली ती दुसरी ट्रंक आठवली. ती कुठे पोचली, हे मला त्या दारात समजलं.

लीलाबाई रडली नाही. ती खाली बसली आणि दोन्ही हात माझ्या झाकणावर ठेवले. पीठ माझ्या काळ्या रंगावर उमटलं. मग तिने माझ्यावर गाल टेकला. "बाळा," ती म्हणाली. "माझ्या बाळा."

मागे बायकांनी हंबरडा फोडला. साईराज घाबरून सांगू लागला, "आवं, पूजाताईनी धाडलीय, सांगलीसनं..." पण ऐकतंय कोण!

"पूजीला बी ठावं हाय?" लीलाबाईने मान वर केली. "समद्यास्नी कळलं, आन् मलाच कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

तेवढ्यात गावातले जुने सुभेदार भाऊसो वाट काढत आले. "वहिनी, आसं येत न्हाई कवा. आधी खबर येती, सायब येत्यात. थांबा जरा." त्यांनी चष्मा लावून माझ्यावरचं नाव वाचलं. "ही सूरजची न्हाई वं. जोतीराम लिवलंय."

"मला खुळ्यात काढू नगा, भावजी."

"कुलूप फोडा रं," भाऊसो म्हणाले.

ती माझ्यावर आडवी पडली. "हात लावायचा न्हाई! त्याच्या वस्तूला कुनी हात लावायचा न्हाई!"

मित्रांनो, आयुष्यभर मला बंद राहायचंच शिकवलं होतं. त्या वेळी मात्र वाटत होतं, फोडा मला, दगड घाला, चिरडून टाका, पण आतलं हिला दाखवा. तिची ती माया माझी नव्हती. तरी मी ती अंगावर घेत होते.

शेवटी दोघींनी तिला धरलं आणि भाऊसोंनी दगडाने कुलूप तोडलं. झाकण उघडलं. वरच पूजाचा पिवळा कुर्ता, खाली जाडजूड पुस्तकं आणि अर्धा बिस्किटाचा पुडा.

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. लीलाबाई कुर्त्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडावर हात मारून घेतला. "जित्या लेकाला मी... आगं आई, मी काय केलं हे!" खरी रडली ती तेव्हा.

पूजा संध्याकाळी उतरली, तेव्हा स्टँडवरच तिला सगळं समजलं. ती धावतच घरी आली. आईने तिला रागावावं म्हणून ती दारात उभी राहिली. आई एवढंच म्हणाली, "परीक्षा कशी गेली?" पूजा माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि उठेचना.

सूरजचा फोन लागत नव्हता. तो चौकीवरून खाली आला की स्वतःच करायचा. तोवर त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. भाऊसो येऊन समजावून जायचे. लीलाबाई मान हलवायची आणि फोन पदरात धरून बसायची. अखेर तो वाजला.

"आये, कशी हायस?"

 तिने फोन पूजाकडे दिला.

"आय का बोलंना गं?"

"सर्दी झालीय तिला," पूजा म्हणाली. मग आत जाऊन तिने तोंड धुतलं.

मला परत पाठवायचं पूजाने ठरवलं होतं. लीलाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिनं काय केलंय?" तेव्हा पूजाने मला आकाशी रंग दिला. जोतीरामचं नाव तिने तेवढं ठेवलं. आता माझ्यात गोधड्या आहेत. पण गोधडी लागली की लीलाबाई पूजाला हाक मारते. माझं झाकण ती अजून स्वतः उघडत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर घ्या. आम्हाला हात लावा, पुसा, घरी न्या. पण आम्ही जिथून आलो तिथे काय सोसलं गेलं असेल, याचा थोडा विचार करा. आणि आम्हाला कुणाच्या दारात एकटं पाठवू नका. बरोबर या. आम्हाला बोलता येत नाही.

मागच्या महिन्यात सूरज रजेवर आला. ती दुपार त्याला अजून कुणी सांगितलेली नाही. दारातून आत येताच तो माझ्यावर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

"ऊठ तिथनं," लीलाबाई म्हणाली.

"का गं? लय दणकट हाय की. माझी फुटलीया, हीच नेतो."

"ऊठ म्हनते न्हवं!"

तो हसत उठला, आईकडे बघत राहिला. पूजाने मान खाली घातली. लीलाबाईने त्याचा हात धरला आणि त्याला माझ्यापासून लांब, दुसऱ्या भिंतीशी नेऊन बसवलं.